'ऐपतीच्या मर्यादेत'

अपंगांना समान संधी देणारा कायदा संसदेने १९९५ साली संमत केला. त्याच्या ४६व्या कलमात सार्वजनिक इमारतींतले उतार, चाकाच्या खुर्चीला सोयीची स्वच्छतागृहे, लिफ्टमधील ब्रेल खुणा असे सारे आहे. मात्र हे सारे शासनाने करावयाचे ते आपल्या 'आर्थिक ऐपतीच्या व विकासाच्या मर्यादेत'. आमच्या मते या कायद्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः या चार-पाच शब्दांचा इतिहास होय.

ऐपतीची परीक्षा लवकरच झाली. जानेवारी २००१ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परिषदेस आलेले स्टीफन हॉकिंग पुढे दिल्लीस गेले. तेथील पुरातन वास्तू त्यांना पाहावयाच्या होत्या. स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या जावेद अबिदींनी आग्रह धरला, आणि कुतुबमिनार, जंतरमंतर येथे लाकडी उतार उभे राहिले; तेही तात्पुरते. (लाकूड आणि सुतार दिल्लीत त्यापूर्वीही मिळत असावेत.)

२०१६च्या कायद्याने इमारतींपुरती ऐपतीची अट गाळून पाच वर्षांची मुदत घातली. पण २०१७च्या नियमांनी सांगितलेली मानके निव्वळ शिफारशीवजा निघाली. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील १५वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, आणि बंधनकारक मानके आखण्यास शासनाला तीन महिने दिले. याचिका २००५ सालची होती.