महाराष्ट्रातील व्यायामविद्येचा ज्ञानव्यवहार : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराला लागून असलेले भिंगार हे छावणीचे गाव म्हणून परिचित आहे. १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू येथेच झाला. १८०३ मध्ये जनरल वेलस्ली याने अहमदनगरचा किल्ला जिंकला आणि पुढील काळात या परिसरात इंग्रजी लष्कराची वस्ती स्थिरावली. स्वातंत्र्यानंतर १९४८ पासून चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. अशा गावात व्यायामाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी दिसतात. एक छावणीच्या मैदानावरील कवायतीची, तर दुसरी तांबड्या मातीच्या हौद्यातील तालमीची. या दोन्ही परंपरांजवळ शरीराविषयीचे मोठे ज्ञान होते. परंतु हे ज्ञान कोणी कोणाला द्यावे, कोणत्या भाषेत द्यावे आणि ते तपासावे कसे, या प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्राला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शोधावी लागली. प्रस्तुत लेखात या ज्ञानव्यवहाराच्या वाटचालीचा आढावा घेण्यात आला आहे.

तालीम आणि कवायत

तालमीतील ज्ञान हे वस्तादाकडून पठ्ठ्याकडे जाणारे ज्ञान होते. जोर-बैठका किती, खुराक कोणता, मुरगळलेला सांधा कसा बसवावा, कोणत्या डावाला कोणता तोड, या सर्व बाबी प्रत्यक्ष मेहनतीतून व मुखपरंपरेने शिकविल्या जात. मल्लखांबाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा सांगते; तथापि तिचा प्रसार दीर्घकाळ गुरुशिष्यांच्या साखळीतूनच होत राहिला. या पद्धतीचे बळ असे की, शिकविणारा शिष्याचे शरीर रोज डोळ्यांसमोर पाहत असे. तिची उणीव अशी की, राखून ठेवलेला डाव वस्तादाबरोबरच नाहीसा होई आणि चुकीची समजूतही तितक्याच निष्ठेने पुढे जाई.

याउलट इंग्रजी अमदानीतील शाळांत कवायत शिरली ती लष्कराच्या वाटेने. तिच्यात शिस्त होती, एकाच वेळी शेकडो मुलांना शिकविण्याची सोय होती. मात्र आज्ञा परकीय भाषेत होत्या आणि हालचालीमागील कारण सांगण्याची रीत नव्हती. तालमीतील व्यक्तिगत शिक्षण आणि कवायतीतील सांघिक शिक्षण यांचा मेळ घालणे, हे पुढील पिढीपुढील मुख्य कार्य ठरले.

बडोद्याचे केंद्र

या कार्याचा प्रारंभ मराठी मुलखाबाहेर, पण मराठी माणसांच्या हातून, बडोदे येथे झाला. जुम्मादादा या मुस्लिम उस्तादांच्या आखाड्याची धुरा त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी सांभाळली आणि संस्थेला गुरूचेच नाव दिले. माणिकरावांनी आखाड्यातील व्यायामप्रकारांना सांघिक रूप दिले आणि कवायतीसाठी हिंदी आज्ञा तयार केल्या. अस्थिसंधानातही त्यांची ख्याती होती. छावणीची सांघिक रीत आणि आखाड्याची विद्या यांची सांगड त्यांच्या कार्यात प्रथमच स्पष्टपणे दिसते.

बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम’ हे मासिक चालविले आणि १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, देशी-विदेशी खेळ, आहार व आरोग्य अशा विषयांचे मराठीतून झालेले हे संकलन त्या काळातील असामान्य उद्योग होय. जी विद्या वस्तादाच्या मर्जीवर अवलंबून होती ती आता गावच्या वाचनालयात उपलब्ध होऊ शकत होती. या कोशाचे ऐतिहासिक महत्त्व त्यातील माहितीपुरते मर्यादित नाही. व्यायाम हा अभ्यासाचा विषय आहे आणि तो मराठीतून अभ्यासता येतो, हे त्याने कृतीने सिद्ध केले.

आखाड्यातून प्रयोगशाळेकडे

माणिकरावांच्या शिष्यांपैकी जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी पुढचे पाऊल टाकले. अमळनेर येथे शिक्षणकार्य करीत असतानाच योगक्रियांचा शरीरावर नेमका कोणता परिणाम होतो, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांचे परीक्षण केले. १९२४ मध्ये लोणावळा येथे त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले.

त्यांच्या पद्धतीचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बस्तिक्रियेत पाणी आपोआप आत ओढले जाते, हे जुन्या साधकांना अनुभवाने माहीत होते. त्याचे कारण मात्र गूढ मानले जाई. कुवलयानंदांनी नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे आढळले आणि पाणी वर चढण्याचे साधे भौतिक कारण हाती आले. या निर्वात अवस्थेला त्यांनी आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. परंपरेविषयीचा आदर आणि मोजमापाचा आग्रह यांत त्यांना विरोध दिसला नाही.

विशेष म्हणजे त्यांनी प्रचलित समजुतींचीही तपासणी केली. प्राणायामाचे मुख्य फल म्हणजे शरीराला मिळणारा अधिक प्राणवायू, हा समज त्यांनी स्वीकारला नाही. प्राणायामाचे मोल त्यांनी मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले. येल विद्यापीठातील संशोधक बेहनन यांनी लोणावळ्यास येऊन योगाभ्यास केला आणि १९३७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मोजमापांत प्राणायामाच्या वेळी प्राणवायूचा वापर वाढलेला आढळला. असे वेगळे निष्कर्ष एकमेकांसमोर येणे, हेच शास्त्रीय व्यवहाराचे लक्षण होय. तालमीत वस्तादाचा शब्द अखेरचा असे. येथे तो पुन्हा मोजता येत होता.

संस्था, नियम आणि शिक्षक

ज्ञान ग्रंथात येणे पुरेसे नसते. ते शिकविणारा शिक्षकही घडावा लागतो. १९१४ मध्ये अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी अमरावती येथे स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने उन्हाळी वर्गांतून शिक्षक तयार केले. मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी आणि १९४९ मध्ये स्टॉकहोम येथील लिंगियाड महोत्सवात भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार शाळांतून व ग्रंथांतून केला. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था सुरू केली. मद्रास येथे हॅरी बक यांनी १९२० मध्ये सुरू केलेले वाय.एम.सी.ए.चे महाविद्यालयही याच काळातील होय. नियमबद्ध खेळ गावोगावी एकाच रीतीने खेळता येऊ लागला आणि शारीरिक शिक्षण हा वेगळा व्यवसाय ठरला.

माती आणि गादी

ज्ञानाची देवाणघेवाण न झाल्यास काय घडते, हे खाशाबा जाधव यांच्या कारकिर्दीवरून दिसते. मातीत तयार झालेल्या या मल्लाला १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरील कुस्तीचे नियम व तंत्र यांना तोंड द्यावे लागले; तरीही त्यांनी सहावे स्थान मिळविले. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक पटकावले. या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, ही बाब महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मल्लाची मेहनत उत्तम होती. उणीव होती ती नियम, तंत्र व साधने यांच्या माहितीची.

माती व गादी यांतील हे अंतर आजही पूर्णतः मिटलेले नाही. १९६१ पासून सुरू असलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असतात आणि त्यांतील विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या स्पर्धेतही हीच रचना होती. एका अर्थाने दोन ज्ञानपरंपरांची भेट तेथे दरवेळी नव्याने होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, महाराष्ट्रातील व्यायामशास्त्र हे केवळ पाश्चात्त्य अनुकरण नव्हते. आखाड्याची विद्या, लष्करी कवायतीची सांघिक रीत आणि प्रयोगशाळेचे मोजमाप यांच्या संयोगातून ते घडले. दुसरा असा की, या घडणीत धर्म, प्रांत व देश यांच्या सीमा ओलांडून ज्ञान घेतले व दिले गेले.

तिसरा निष्कर्ष भाषेविषयीचा असून तो अधिक गंभीर आहे. मुजुमदारांचा कोश मराठीत होता. म्हणून तो तालमीच्या दारापर्यंत जाऊ शकत होता. पुढे विद्यापीठीय शिक्षणात व्यायामविज्ञानाची प्रगती झाली, पण संशोधनाची भाषा प्रामुख्याने इंग्रजी राहिली. परिणामी एकेकाळी वस्तादाच्या गुप्ततेमुळे बंद असलेले दार आता भाषेमुळे अर्धे मिटलेले दिसते. खुराक, दुखापत, वजन घटविणे, उत्तेजक द्रव्यांचे धोके यांविषयीचे प्रमाणित ज्ञान गावच्या पठ्ठ्यापर्यंत पोहोचले नाही, तर त्याची किंमत त्याच्या शरीराला मोजावी लागते. हे ज्ञान मराठीत आणणे आणि तालमीतील अनुभव तपासून शास्त्रात समाविष्ट करणे, हे दुहेरी उत्तरदायित्व महाविद्यालयांचे आहे. ते पार पाडण्याचा मार्ग बडोदे, लोणावळा व अमरावती येथील पूर्वसूरींनी मर्यादित साधनांनिशी घालून दिलेला आहे.