घरातील सामानाचा विमा : कोणाला उपयोगी, कोणाला अनाठायी

घराच्या भिंतींचा विमा निदान कर्ज देणाऱ्या बँकेच्या आग्रहामुळे तरी उतरवला जातो. भिंतींच्या आत जे असते त्याचा विमा उतरवणारी कुटुंबे मात्र विरळाच. फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र, दूरचित्रवाणी संच, गाद्या, लाकडी कपाट, शिलाई यंत्र, भांडी, कपडे आणि वर्षभराचे धान्य या साऱ्यांची बेरीज सामान्य कुटुंबातही दोन-तीन लाखांच्या घरात जाते. तरीही ‘सामानाला काय होणार?’ असे म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. जे घेतात त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात चोरीची भीती असते. प्रत्यक्षात या विम्याची किंमत चोराकडून नव्हे, तर पाण्याकडून आणि आगीकडून ठरते. घर कोणत्या मजल्यावर आहे आणि पाण्याच्या वाटेपासून किती दूर आहे, हे सामान किती महागडे आहे यापेक्षा अधिक महत्त्वाचे असते.

हे जिथे लख्ख दिसते अशी मराठी माणसांची एक वस्ती महाराष्ट्राबाहेर आहे. सुरत शहराच्या पूर्व भागात, रेल्वेमार्गापलीकडे पसरलेले लिंबायत हे खान्देशातून कामधंद्यासाठी गेलेल्या कुटुंबांचे एक मोठे केंद्र. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील माणसे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने येथे आली, यंत्रमाग आणि कापड प्रक्रियेच्या कारखान्यांत लागली आणि दोन-तीन पिढ्यांत स्थिरावली. गल्लीत अहिराणी आणि दुकानात गुजराती असा येथील भाषाव्यवहार आहे. ज्या तापीच्या काठावरून ही माणसे आली, तीच तापी सुरतेत समुद्राला मिळते, हाही एक योगायोगच.

ऑगस्ट २००६ मध्ये त्याच तापीने सुरत बुडवले. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या आसपास पोहोचला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पण तापीचा असा पूर क्वचितच येतो. लिंबायतकरांचे नेहमीचे दुखणे निराळे आहे, ते म्हणजे मिठी खाडी. शहरात आणि पूर्वेकडील तालुक्यांत एकाच वेळी जोराचा पाऊस झाला की खाडी पात्र सोडते, रेल्वेखालचे गरनाळे पाण्याने भरते आणि सखल गल्ल्यांत पाणी शिरते. ऑगस्ट २०२०, जुलै २०२४ आणि जून २०२५ असा हा अनुभव अलीकडच्या काही वर्षांतच पुन्हापुन्हा आला. नदीच्या पुराची सूचना धरणाच्या पातळीवरून आधी मिळू शकते. खाडीचे पाणी रात्रीतून उंबरठा ओलांडते. हाती लागेल ते माळ्यावर चढवायचे आणि फ्रीज पलंगावर ठेवायचा, एवढाच उपाय उरतो. कमरेइतके पाणी आले तर तोही पुरत नाही.

त्यानंतर सरकारी मदतीची वाट पाहिली जाते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले निकष पाहिले, तर घर वाहून गेलेल्या, पूर्ण पडलेल्या किंवा ठरलेल्या काळापेक्षा अधिक पाण्याखाली राहिलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० रुपये आणि भांडी व घरगुती सामानासाठी २,५०० रुपये मिळतात. एकूण पाच हजार. राज्य सरकारे आपल्या तिजोरीतून वेळोवेळी यात भर घालतात हे खरे; पण ती भर किती आणि कधी, हे आपत्ती येऊन गेल्यावरच ठरते. पाच हजारांत एक बरी गादीही येत नाही. घरसामानाच्या विम्याचा विचार या आकड्यापासून सुरू करायला हवा.

पॉलिसीत काय असते

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी देणे बंधनकारक केले. हप्ता कंपनीगणिक बदलतो, मूळ अटी मात्र त्याच राहतात. या पॉलिसीत केवळ इमारतीचा, केवळ सामानाचा किंवा दोन्हींचा विमा घेता येतो. भाडेकरूंच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे. लिंबायतसारख्या वस्तीत असंख्य कुटुंबे भाड्याच्या खोलीत राहतात. घरमालकाने विमा उतरवला असला तरी तो त्याच्या भिंतींचा आणि छपराचा असतो. भाडेकरूच्या कपाटाशी त्याचा संबंध नसतो. गृहनिर्माण सोसायटीने काढलेल्या इमारत-विम्याचेही तेच.

पॉलिसीत आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबून घरात शिरणे, दरड, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे, झाड अथवा वाहन येऊन आदळणे अशी कारणे नमूद केलेली असतात. पाणी नदीचे की खाडीचे, हा भेद पॉलिसी करत नाही. या घटनांमुळे घर उघडे पडले आणि त्यानंतरच्या सात दिवसांत त्याच कारणाने चोरी झाली, तर तिचीही भरपाई मिळते. पाणी चढल्यावर नातलगांकडे गेलेल्या कुटुंबांना या बारीक अटीचा उपयोग होतो.

आणखी दोन गोष्टी जुन्या पॉलिसींपेक्षा ग्राहकाच्या बाजूच्या आहेत. पहिली भरपाईच्या हिशेबाची. वस्तू पूर्ण निकामी झाली तर घसारा वजा करून उरलेली किंमत नव्हे, तर तशीच वस्तू नव्याने आणण्याचा खर्च विमा रकमेच्या मर्यादेत धरला जातो. दुसरी थोडी समजून घेण्याजोगी आहे. समजा घरात चार लाखांचे सामान आहे, विमा दोन लाखांचाच काढला आहे आणि नुकसान एक लाखाचे झाले. पूर्वी कंपनी म्हणत असे, विमा निम्म्याचाच होता, तेव्हा भरपाईही निम्मी, म्हणजे पन्नास हजार. ‘भारत गृह रक्षा’त ही कपात नाही, एक लाखाचे नुकसान दोन लाखांच्या मर्यादेत बसते, म्हणून ते पूर्ण मिळू शकते. विमा रक्कम थोडी कमी लिहिली गेली म्हणून दावा अर्ध्यावर येण्याची जुनी तक्रार यामुळे निकालात निघाली.

ज्यांनी इमारतीचा विमा याच पॉलिसीखाली काढला आहे, त्यांना कदाचित ठाऊक नसेल की इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपये, एवढे सामान्य घरसामान वस्तूंची यादी न देताही संरक्षित असते. गृहकर्जासोबत पॉलिसी घेतलेल्यांनी नवा विमा शोधण्यापूर्वी जुन्या पॉलिसीचा तक्ता उघडून पाहावा. असलेल्या गोष्टीसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

काय नसते

निराशा होते ती येथे. एरवीच्या घरफोडीची भरपाई मूळ पॉलिसीत नाही. त्यासाठी निराळा घरफोडी विमा किंवा कंपनीचे जोडसंरक्षण घ्यावे लागते. रोख रक्कम, धनादेश, रोखे, कागदपत्रे, सोन्याची वीट, न जडवलेली रत्ने आणि वाहने सामानात मोडत नाहीत. दागिने व कलावस्तूंसाठी ‘मौल्यवान वस्तू’ हे वैकल्पिक संरक्षण आहे. त्यात किंमत आधीच ठरवून घ्यायची असते आणि मूल्यांकनाचा दाखला लागू शकतो. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असल्याने काळजी नाही, असे मानणाऱ्यांनीही एक लक्षात घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरतीच असते, आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीत बँक निष्काळजी नसेल तर तीही नसते.

विजेचा दाब वाढून किंवा आत शॉर्टसर्किट होऊन उपकरण जळाले, तर त्या उपकरणाची भरपाई नाही. त्यातून आग पसरून इतर सामान जळाले तर त्याची आहे. पावसाळ्यात छतातून हळूहळू झिरपणारे पाणी, ओल, बुरशी, वाळवी हे नमूद कारणांत येत नाही. याचा फटका गोव्यातील कौलारू घरांना अधिक बसतो, कारण तेथे नुकसान बहुधा एका रात्रीत होत नाही, चार महिने होत राहते.

लिंबायतच्या संदर्भात सर्वांत बोचरी अट धंद्याच्या मालाची आहे. साड्यांवर खडे चिकटवणे, लेस लावणे, धागे कापणे अशी कामे येथील अनेक स्त्रिया घरीच करतात. खोलीच्या कोपऱ्यात व्यापाऱ्याच्या साड्यांचा गठ्ठा असतो. पाण्यात तो भिजला तर नुकसान अंगावर येते ते त्या बाईच्या, कारण मजुरी तर बुडतेच, वर मालाची वजावटही मागितली जाऊ शकते. घरसामानाच्या पॉलिसीत केवळ घरगुती वापराच्या वस्तू धरल्या जातात. धंद्यासाठी ठेवलेला, त्यातही दुसऱ्याच्या मालकीचा माल नाही. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठीची पॉलिसी आहे खरी, पण एका खोलीत चालणाऱ्या घरकामापर्यंत ती पोहोचवायला एजंटाला सवड कुठे? हा विमा न्यायाने व्यापाऱ्याने काढायला हवा.

हिशेब

हप्ता विमा रक्कम, ठिकाण, बांधकाम आणि कंपनी यांवर अवलंबून असतो. शिवाय त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्यावरील कर रद्द झाला, तो लाभ घरविम्याला मिळालेला नाही. तरीही आरोग्यविम्याच्या तुलनेत ही रक्कम अगदी किरकोळ असते. उदाहरणादाखल, तीन लाखांच्या सामानाला करासह वर्षाला ७०० रुपये पडतात असे धरू. तळमजल्यावरील घरात गुडघाभर पाणी शिरून ६० हजारांचे नुकसान झाले, तर ती रक्कम ८५ वर्षांच्या हप्त्यांएवढी होते. असा प्रसंग दहा-पंधरा वर्षांत एकदा जरी येण्याची शक्यता असेल, तरी व्यवहार ग्राहकाच्या फायद्याचा आहे. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला पाण्याची धास्ती जवळपास नाही. त्याच्यासाठी उरते ती आग. ज्याच्या गाठीशी दोन लाखांची शिल्लक आहे आणि जो वरच्या मजल्यावर राहतो, त्याने हा विमा न घेतल्यास काही बिघडत नाही. बिघडते ते शिल्लक नसलेल्या तळमजल्यावरच्या भाडेकरूचे, आणि नेमका तोच विमा घेत नाही.

गोव्यालाही हा हिशेब लागू पडतो. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने राज्यात झाडे घरांवर पाडली. त्याच वर्षी २३ जुलैला म्हादई आणि इतर नद्यांच्या पुराने सत्तरी, डिचोली, धारबांदोडा या तालुक्यांतील घरांत पाणी घुसले. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. झाड पडणे आणि पूर ही दोन्ही कारणे पॉलिसीत आहेत. उलट, कुटुंब परदेशी असल्याने वर्षातील बराच काळ कुलूपबंद राहणाऱ्या घरांना धास्ती असते ती घरफोडीची. त्यांनी मूळ पॉलिसीवर विसंबून राहू नये. विमा पावसाळ्याआधी घ्यावा. घडून गेलेल्या नुकसानीला तो लागू होत नाही आणि पाणी दारात आल्यावर कोणी तो देतही नाही.

दावा करताना

पूर ओसरला की महापालिकेचे ट्रॅक्टर येतात आणि भिजलेल्या गाद्या, फुगलेले लाकूड, चिखलाने भरलेली भांडी उचलून नेतात. आरोग्यासाठी ते आवश्यकच असते. पण कंपनीच्या सर्वेक्षकाला दाखवायला मग काही उरत नाही. म्हणून सामान हलवण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे, तिच्यावरील मॉडेल क्रमांकाचे आणि भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषेचे छायाचित्र काढावे. फ्रीज किंवा यंत्र शक्यतो सर्वेक्षक येईपर्यंत टाकून देऊ नये. कंपनीला तत्काळ कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा, तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून ठेवावी. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार अनिवार्य. खरेदीच्या पावत्या पाण्यातच जातात, तेव्हा त्या आधीच मोबाइलमध्ये टिपून नातलगाला पाठवून ठेवलेल्या बऱ्या. प्रस्तावात बांधकाम कच्चे की पक्के हे विचारलेले असते, तेथे खोटे लिहिले असेल तर दावा तेथेच अडतो.

कंपनीने दावा नाकारला किंवा रक्कम अवाजवी कापली, तर प्रथम तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावरही ती नोंदवता येते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात. सुरतच्या ग्राहकासाठी हे कार्यालय अहमदाबादला आहे, गोव्याच्या ग्राहकासाठी पुण्याला.