स्तंभश्रम आणि सहावें ज्ञानेंद्रिय

मुखेडचें जुनें शिवालय चालुक्यकालीन आहे. तेथील नृत्यमूर्तींत शरीराचा तोल दगडांत धरला आहे. त्याच चालुक्यांच्या कल्याणी राजधानींत, म्हणजे आजच्या बसवकल्याणांत, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत मल्लांच्या व्यायामांमध्यें भारश्रम व सलिलश्रम यांच्या जोडीस स्तंभश्रमहि सांगितला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं ज्या मल्लखांबास नवें जीवन दिलें, त्याचें हें जुनें मूळ समजतात.

खांबावर उलट्या लोंबकळणाऱ्या गड्याला आपला गुडघा किती वाकला हें पाहतां येत नाहीं. पाय पाठीआड असतो. तरी अढी अचूक पडते. न पाहतां हें कळतें कसें? शालेय पुस्तकें पंचज्ञानेंद्रियांवरच थांबतात. हा त्यांचा जुनाच दोष होय.

उत्तर स्नायूंत दडलें होतें. सूत कातण्याच्या चातीसारखे सूक्ष्म अवयव तेथें एकोणिसाव्या शतकांतच दिसले होते, पण त्यांच्या कार्याविषयीं वाद होता. १८९४ मध्यें चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें प्राण्यांच्या पृष्ठरज्जूंतून निघणाऱ्या चालक तंतूंचीं मुळें तोडलीं. चालक तंतु झिजून गेले. चातींतील मोठे तंतु शाबूत राहिले. अर्थात् ते हुकूम नेणारे नसून बातमी आणणारे होते. स्नायु ताणला कीं चाती ताणते, आणि कण्याच्या कडेस गाठींत वसलेल्या पेशींचे तंतु ताण किती व किती वेगानें वाढला तें मेंदूकडे कळवितात. स्नायु हाडास बांधणाऱ्या कंडरांतील तंतु ओढ मोजतात. १९०६ मध्यें शेरिंग्टननें या ज्ञानास ‘स्वतःचें’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नांव दिलें. मराठींत त्यास स्थितिसंवेदना म्हणतां येईल.

तिचें मोल ती गेल्यावरच कळतें. १९७१ मध्यें एका एकोणीस वर्षांच्या इंग्रज तरुणाचे मानेखालचे स्पर्शाचे व स्थितीचे तंतु आजारानें निकामी झाले. स्नायूंचें बळ कायम होतें, पण त्याला उठून बसतांहि येईना. प्रत्येक अवयवाकडे डोळे लावून तो मोठ्या कष्टानें पुन्हां चालावयास शिकला. दिवा गेला कीं तो कोसळे.

तंतूंना ताण जाणवतो तो कशानें, हें मात्र फार उशिरां उलगडलें. अमेरिकेंत आर्डेम पॅटापूटियन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० मध्यें पिएझो नांवाचीं प्रथिनें शोधलीं. पेशीचें आवरण ताणलें कीं त्यांचें द्वार उघडतें, विद्युत्भारित कण आंत शिरतात आणि संदेश निघतो. स्थितिसंवेदना मुख्यतः यांतील दुसऱ्या प्रथिनावर अवलंबून असते, हें २०१५ मध्यें उंदरांत दिसलें. २०२१ च्या नोबेल पारितोषिकांत पॅटापूटियन यांचा वांटा होता.

हें प्रथिन जन्मतःच निकामी असलेल्या दोन रुग्णांचें वर्णन २०१६ मध्यें प्रसिद्ध झालें. डोळे बांधल्यावर त्यांना नीट चालतां येईना. इकडे दादरच्या श्रीसमर्थ व्यायाम मंदिरांत अंध मुलांमुलींनाहि मल्लखांब शिकविण्यांत आला आहे, आणि तीं खांबावर चढतात.