जामदरवाज्याचा रस्ता



यंदा पावसाळ्यात पुण्याहून नातू आला होता. महेश्वरला जायचं ठरलं. त्यानं गाडी सरळ मानपूर-धामनोदच्या हायवेला घातली. लवकर पोचलो, पण मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. माझा महेश्वरचा रस्ता तो नव्हेच. माझा रस्ता म्हणजे महू, बडगोंदा, जामदरवाजा, मंडलेश्वर.

१९७८ साली माझी बदली मंडलेश्वरकडच्या एका शाखेत झाली. वय २७, लग्न नुकतंच झालेलं, बिऱ्हाड इंदुरातच. शनिवारी बँक अर्धा दिवस. कॅश जुळली, तिजोरीला किल्ल्या लागल्या की सेकंडहँड लॅम्ब्रेटाला किक मारायची आणि घरची वाट धरायची.

आधी निमाडातली कापसाची, मिरचीची शेतं. उन्हाळ्यात हवा नुसती भट्टी. मग विंध्याचा चढ सुरू. दोन्ही बाजूंना साग आणि पळस. फाल्गुनात सगळी टेकडी केशरी. समोरून आली तर एखादी बैलगाडी, नाहीतर रोडवेजची बस. एरवी आवाज फक्त आपल्याच स्कूटरचा. गंमत अशी की, चढताना निमाड पाठीमागे राहतो, दिसतच नाही. वर दरवाज्यापाशी थांबायचं, इंजिन गार होऊ द्यायचं आणि मागे वळून बघायचं. खाली सगळा निमाड पसरलेला आणि तोंडावर मालव्याचा गार वारा! महू साडेपाचशे मीटर उंचीवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. हा फरक नकाशात कळत नाही, अंगाला कळतो.

हा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधला. १७६७ मध्ये कारभार हाती आल्यावर त्यांनी राजधानी महेश्वरला केली. म्हणजे गादी खाली नर्मदाकाठी आणि मालव्याचा सुपीक मुलूख वर पठारावर. दोन्हीला जोडणाऱ्या या घाटाला किती महत्त्व असेल, विचार करा. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली. पुढे आग्रा-मुंबई रस्ता मानपूरवरून गेला, १८७०च्या दशकात खंडव्याहून रेल्वे आली, आणि जामचा रस्ता मागे पडला. मला त्या शनिवारी जी शांतता मिळायची, ती अशी राजधानी हलल्यामुळे मिळालेली.

आमच्या घरी सांगत, की आपला मूळ पुरुष होळकरांच्या चाकरीत दक्षिणेतून आला आणि याच घाटानं वर चढला. कागद मात्र एकही नाही. मी पडलो बँकेचा माणूस, व्हाउचरशिवाय नोंद करणार नाही. एकदा जेवताना दादांना म्हणालो, "पुरावा काय?" ते काही बोलले नाहीत. पान तसंच टाकून उठले.

मला ते लागून राहिलं. पुढच्या महिन्यात त्यांना स्कूटरवर मागे बसवून महेश्वरला नेलं. जामदरवाज्याशी ते म्हणाले, "थांबव." उतरले, टोपी काढली, दगडाला हात लावून कपाळाला लावला. बराच वेळ खाली बघत उभे राहिले. मग म्हणाले, "चल, ऊन होईल." एवढंच. त्यानंतर मी कागद मागितला नाही. आता वाटतं, तेव्हाच माफी मागायला हवी होती. ती राहिलीच.

तर यंदा परतताना मी हट्ट धरला, जामवरून चल. रविवार होता. दरवाज्याशी ही गर्दी, भुट्टे, मॅगी, सेल्फी. भिंतीवर लोकांनी आपापली नावं कोरलेली. वाईट वाटलं. पण दहा मिनिटं पुढे गेलो आणि तोच जुना, भिजलेला, रिकामा रस्ता. नातवानं आपणहून गाण्यांचा आवाज बंद केला, काच खाली केली. थोड्या वेळानं म्हणाला, "आबा, आपले लोक खरंच इथून आले?"

म्हटलं, "तुझे पणजोबा तसं मानत."

मंडळी, रविवार सोडून एकदा या रस्त्यानं जरूर जा. सावकाश जा, वर थांबा, मागे वळून बघा. आणि तुमच्या घरी या घाटाच्या काही आठवणी असतील तर इथे लिहा. कागद नसला तरी चालेल.