'मी' कोणी केला? मालगुंडचे दामले, पश्तोचा 'ज' आणि एक व्याकरणी चकवा

मालगुंड म्हटले की केशवसुत आठवतात. रत्नागिरी जिल्ह्यातील या गावच्या दामले घराण्यातील त्यांच्या धाकट्या भावाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. मोरो केशव दामले. १९११ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आजही मराठी व्याकरणाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. आजचा धागा त्यांच्याच आवडीच्या प्रश्नाचा आहे: वाक्यात कर्ता कोण? फक्त उत्तर शोधायला आपण काबूल-कंदाहारकडे जाणार आहोत. धागा लांब आहे, थोडा धीर धरावा.

प्रथम एक साधे वाक्य. 'मी भाकरी खातो.' इथे क्रियापद 'मी'च्या तालावर चालते. बोलणारी स्त्री असेल तर 'खाते' होईल. आता भूतकाळ: 'मी भाकरी खाल्ली.' बोलणारा पुरुष असो वा स्त्री, क्रियापद 'खाल्ली'च, कारण भाकरी स्त्रीलिंगी. आंबा असता तर 'खाल्ला'. म्हणजे खाणाऱ्याने क्रियापदावरचा हक्क गमावला आणि तो खाल्ल्या गेलेल्या वस्तूकडे गेला. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात आणि आपण तो पाठ करून विसरून जातो.

आता पश्तो, म्हणजे पठाणांची भाषा. 'मी'साठी तिथे शब्द आहे 'ज'; उच्चार 'जरा' या शब्दातल्या दंत्य ज-सारखा. 'तू'साठी 'त'. 'तो' किंवा 'ती' म्हणजे 'हघ'. 'आम्ही' कंदाहारकडे 'मूझ', पेशावरकडे 'मूंग'. 'तुम्ही' म्हणजे 'तासो'. (दंत्य च, दंत्य ज, ट, ड, ण हे सारे ध्वनी पश्तोत आहेत. मराठी जिभेला ही भाषा वाटते तितकी परकी नाही.)

'ज डोडइ खोरम' म्हणजे मी रोटी खातो. शेवटचा 'म' हा 'मी'चा प्रत्यय. इथवर सरळ आहे. पण 'मी रोटी खाल्ली' म्हणायचे झाले की 'ज' नाहीसा होतो आणि 'मा' येतो: 'मा डोडइ वख्वड़ा'. डोडइ स्त्रीलिंगी, म्हणून 'वख्वड़ा'ही स्त्रीलिंगी. 'मी भाकरी खाल्ली' या वाक्याचा हा जवळजवळ जुळा भाऊ. फरक इतकाच की पश्तोत सर्वनाम आपला वेश उघडपणे बदलते: ज-चा मा, त-चा ता.

मराठीत हा वेश पूर्वी दिसत असे. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'मियां' आहे, नंतरच्या लेखनात 'म्यां' आहे, आणि 'म्या केलं' असे म्हणणारी म्हातारी माणसे अनेकांनी ऐकली असतील. प्रमाण मराठीत ते रूप पुसले गेले आणि 'मी' दोन्ही कामे करू लागला. तिसऱ्या पुरुषात मात्र 'त्याने', 'तिने' अजून टिकून आहेत.

खरा चकवा पुढे आहे. 'ज ये वलीदम.' नवशिका 'ज' पाहतो, शेवटी 'म' पाहतो आणि अर्थ लावतो: 'मी त्याला पाहिले.' अर्थ नेमका उलटा आहे: 'त्याने मला पाहिले.' भूतकाळात सकर्मक क्रियापदापुढे 'ज' आला तर तो करणारा नसतो, त्याच्यावर क्रिया घडलेली असते. करणारा त्या बारीकशा 'ये'मध्ये दडलेला असतो. 'पाहणे'च्या जागी 'मारणे' ठेवून पाहा. साक्ष नोंदवणाऱ्याने सर्वनाम चुकीचे ओळखले तर फिर्यादीचा आरोपी होतो.

ही कल्पनेतली अडचण नव्हे. १८४९ साली पंजाब कंपनीच्या ताब्यात गेला आणि पेशावरच्या कचेऱ्यांत पश्तो बोलणारी माणसे उभी राहू लागली. इंग्रजीत या भाषेचे मोठे व्याकरण लिहिले ते हेन्री जॉर्ज रॅव्हर्टी यांनी, १८५५ साली. हे गृहस्थ मुंबई सैन्याच्या तिसऱ्या देशी पायदळ पलटणीतले. १८४८-४९ च्या मुलतानच्या वेढ्यात ही पलटण लढली, आणि पुढे १८५९ पर्यंत रॅव्हर्टी पंजाबात असिस्टंट कमिशनर होते. मुंबई सैन्याच्या भरतीत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा होता. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. सरहद्दीवरच्या मोहिमांत कोकणी शिपायाच्या कानांवर पश्तो पडली असणार हे उघड आहे. त्याने ती शिकून व्याकरण लिहिले नाही, कारण कागद आणि सवड साहेबाकडे होती.

त्याआधी शंभर वर्षे मराठे स्वतःच अटकेपर्यंत गेले होते. १७५८ ची मोहीम आणि १७६१ चे पानिपत सर्वांना पाठ आहे. पानिपतावरून जीव वाचवून परतलेल्या नाना फडणिसांचे मूळ गाव वेळास, तेही मंडणगड तालुक्यातच. पण मराठे आणि अब्दाली यांच्यामधला कागदोपत्री व्यवहार फारसीचा. अब्दाली स्वतः पश्तोत कविता करी, तरी दरबाराची भाषा फारसी. आणि गंमत अशी की आधुनिक फारसीत हा चकवा नाही. 'मन नान खोर्दम': भूतकाळातही क्रियापद 'मी'चेच ऐकते. म्हणजे फारसीत मुरलेला मुनशी पश्तोत जिथे अडखळेल, तिथे फारसीचा गंध नसलेला वेळासचा शेतकरी सहज पुढे जाईल. माझ्या मते पानिपताच्या कथांमध्ये 'परका पठाण' रंगवताना हा तपशील आपण हरवून बसलो आहोत.

हे साम्य आले कुठून? मराठीने पश्तोकडून घेतले नाही, पश्तोने मराठीकडून नाही. संस्कृतात 'अहं फलं खादामि' होते, पण भूतकाळासाठी 'मया फलं खादितम्' ही रचना हळूहळू रूढ झाली: 'माझ्याकडून फळ खाल्ले गेले'. आपला 'मी' याच 'मया'चा वंशज मानला जातो. इराणी शाखेतही तसेच घडले. दारयवहूच्या बेहिस्तून शिलालेखात, इसवी सनापूर्वी सुमारे ५२० मध्ये, 'मना कर्तम्' अशी रचना आहे: 'मी केलेले'. पुढे फारसीने ती टाकली, पश्तोने जपली.

पश्तोचा 'ज' तर थेट अवेस्तातल्या 'अझम्'कडे जातो, आणि 'अझम्' हा संस्कृत 'अहम्'चा सख्खा भाऊ. मराठीने 'अहम्' गमावला. पण रत्नागिरीहून दक्षिणेला गोव्यात उतरा. तिथे 'मी'ला 'हांव' म्हणतात, आणि तो 'अहम्'पासूनच आलेला. कंदाहारचा 'ज' आणि म्हापशाच्या बाजारातला 'हांव' हे नात्याने चुलतभाऊ. मधला 'मी' दुसऱ्या घरातून आलेला.

एका बाबतीत मात्र मराठी पुढे आहे. 'आम्ही जाऊ' आणि 'आपण जाऊ' यांत फरक आहे: पहिल्यात ऐकणारा वगळला, दुसऱ्यात घेतला. पश्तोला दोन्हींसाठी एकच 'मूझ' पुरतो. हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या शेजारामुळे रुजला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे त्यांच्यासाठी: ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) मराठीचा, त्यात संगमेश्वरी आणि बाणकोटी बोलींचे नमुने आहेत. दहावा खंड (१९२१) इराणी भाषांचा, त्यात पश्तो आहे. नमुन्यासाठी सर्वत्र उधळ्या पुत्राची एकच गोष्ट वापरली आहे. दोन्ही खंड शेजारी ठेवा आणि त्या मुलाचा 'मी' कुठे कुठे रूप बदलतो, ते पेन्सिलीने अधोरेखित करत जा.