जायफळाची कॉफी

सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी साधूने मक्केहून परतताना कॉफीचे सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात रुजविले, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगरांना त्यांचेच नाव मिळाले. दक्षिणेत पुढे चिकोरी मिसळून, गाळणीतून थेंबाथेंबाने उतरविलेली कॉफी रूढ झाली. मराठी घरांची रीत निराळी. पूड साखरेच्या पाण्यात उकळावयाची, झाकून साका बसू द्यावयाचा, फडक्याने गाळून दूध घालावयाचे आणि शेवटी जायफळ. चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांची, उपवासाची. पूड झोप उडविते व जायफळ झोप आणते, या विसंगतीचे आजीला कधीच काही वाटले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. कॉफीचे मळे ज्या राज्यात, त्याच राज्यात ही मराठी घरे आली; दप्तराची भाषा बदलली, पाट्या बदलल्या. २००४ साली महाराष्ट्राने सीमेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. चुलीपाशी मात्र कोणी निवाडा मागितला नाही. कानडी शेजारीण आली की तिची ‘काफी’ आणि घरची ‘कॉफी’ एकाच भांड्यातून ओतली जाई, आणि जायफळाची सहाण आईकडून लेकीकडे जात राहिली. हे लहानसे वळण जपणे, हेही भाषा जपणेच होय.