दुधाचे दात व त्यांची निगा

बालकाच्या मुखात प्रथम उगवणाऱ्या आणि पुढे कायम दातांना जागा देऊन गळून पडणाऱ्या वीस दातांना दुधाचे दात म्हणतात. प्रत्येक जबड्यात चार पटाशीचे दात, दोन सुळे व चार दाढा अशी त्यांची रचना असते. त्यांची घडण गर्भावस्थेतच सुरू होते. सामान्यतः सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे मधले दोन दात हिरडीबाहेर येतात आणि अडीच-तीन वर्षांत संच पूर्ण होतो.

हे दात पडायचेच आहेत, मग त्यांची काळजी कशाला, हा समज घरोघरी रूढ असून त्यातून उपजलेल्या बेफिकिरीने असंख्य मुलांच्या दंतारोग्याची हानी केली आहे. दुधाची मागची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत मुलाच्या कामी येते. ती किडीपायी अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या उपदाढेची वाट अडून ती वाकडी उगवते. शिवाय या दातांवरील दंतवल्क पातळ असल्यामुळे कीड अल्पावधीतच आतल्या मज्जेपर्यंत पोचते, आणि ठणक्याने मुलाचे अन्न व निद्रा दोन्ही हरपतात.

तोंडातील सूक्ष्मजंतू शर्करेपासून अम्ल निर्माण करतात व ते अम्ल दात झिजवते, ही उपपत्ती बर्लिन येथे संशोधन करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये ग्रंथरूपाने मांडली. म्हणूनच दुधाची किंवा साखरपाण्याची बाटली तोंडात देऊन, अथवा मध लावलेली चोखणी देऊन मुलास निजवण्याचा प्रघात घातक होय. झोपेत लाळ कमी सुटते, गोड द्रव वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतो, आणि खालचे दात मात्र जिभेच्या आडोशाने बहुधा बचावतात. हिरडीलगत उमटणारी पांढुरकी रेषा ही किडीची पहिली खूण. या अवस्थेत उपाय झाल्यास दात सावरू शकतो.

पहिला दात दिसताच मऊ ब्रशाने दिवसातून दोनदा दात घासावेत, त्यांतही रात्रीचा नेम चुकवू नये. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी व पुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी पुरते. पाण्यातील अल्प फ्लोराइड दातांना हितकर असते, या आधारावर अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ मध्ये ते नळाच्या पाण्यात मिसळण्यास प्रारंभ केला; परंतु यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावी भूजलात ते मुळातच अतिरिक्त असून मुलांच्या कायम दातांवर डाग पडतात, तेथे पाण्याची तपासणी अगत्याची आहे. तंबाखू भाजून केलेली मिश्री वडीलधाऱ्यांचे पाहून मुलांच्या बोटावर येते. तिला घरात थारा देऊ नये.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात पुरेसा सफाईदार नसतो, तोवर आईवडिलांनीच दात घासून द्यावेत. पहिल्या वाढदिवसापूर्वी दंतवैद्याकडून एकवार तपासणी करवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ निमूटपणे उगवते. तीही दुधाचीच समजून पालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, परंतु ती कायमची असते आणि गमावल्यास पुन्हा येत नाही.